दगडावरची चूक

बेसिल हॅलमचं टोप्यांचं वेड डर्बीशायरमधल्या त्या खेड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायांच्या खाकी, घडीच्या टोप्या. इंग्लंडच्या, कॅनडाच्या, न्यूझीलंडच्या. पण नुसत्या टोपीला कोण विचारतो? आत मेलेल्या पोराचं नाव असलं की बघणारा टोपी हातातून सोडत नाही. म्हणून बेसिल चर्चसमोरच्या स्मारकावरची नावं टिपून आणी आणि जुन्या टाकाने टोप्यांच्या अस्तरावर लिही. बायकोला, मार्जरीला, सगळं दिसे. तिने कधी चकार शब्द काढला नाही.

एक्क्याऐंशीच्या नोव्हेंबरात चर्चच्या हॉलमध्ये त्याने प्रदर्शन मांडलं. चहा, फ्रूटकेक, ही गर्दी! एडना ऑल्सॉप काठी टेकत आली. तिचा धाकटा भाऊ क्लिफर्ड फ्रान्समध्ये पडला होता. घरी त्याचं बटणसुद्धा आलं नव्हतं. एका टोपीत ऑल्सॉप नाव दिसताच तिने ती उचलून तोंडाशी धरली.

मग तिने चष्मा चढवला.

"मिस्टर हॅलम, हा जी. ऑल्सॉप कोण?"

"तुमचा भाऊच की, बाई."

"माझा भाऊ क्लिफर्ड. सी! स्मारकाचा दगड कोरणाऱ्याने सीला शेपूट जोडून जी केला. आई मरेपर्यंत त्यावरून भांडली. टोपीत स्वतःचंच नाव चुकीचं लिहिण्याइतका ढ नव्हता आमचा क्लिफ."

बेसिल हसला. "मग असेल दुसरा कुणी ऑल्सॉप. वय झालं की होतो गोंधळ."

"अरे, चहा द्या म्हातारीला," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले आणि पुन्हा टोप्यांकडे वळले.

दुसऱ्या दिवशी मार्जरी एडनाच्या दारात उभी राहिली. "तुमचंच खरं होतं. नावं बेसिल लिहितो."

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"आणि काल मला खुळी ठरवलं, तेव्हा तोंडात काय केक कोंबला होतास?"

"म्हणून तर आज आले," मार्जरी हळूच म्हणाली.

"इथे पायरीवर काय कुजबुजतेस? रविवारी चर्चमध्ये बोल. सगळ्यांसमोर. बोलशील?"

रस्त्यावर कुणी ऐकतंय का, ते मार्जरीने वळून पाहिलं. एडनाने दार लावून घेतलं.

रविवारी मार्जरी डोकं दुखतं म्हणून घरीच राहिली. वसंतात शेजारच्या गावाने बेसिलला प्रदर्शनासाठी बोलावलं, तेव्हा टोप्यांना इस्त्री तिनेच केली. पावाच्या दुकानात समोर आली, तरी एडना तिला ओळख न देता निघून जाई. मार्जरीला तेच बरं वाटे.