चाळीस फॉर्म

महापालिकेची नोटीस आली तेव्हा मी घाबरलो नाही, हे आधी कबूल करतो. आमच्या आळीला लागून नवी सात मजली इमारत उभी राहिली होती. तिच्यातल्या आयटीवाल्या मंडळींनी आमच्या आवाजाची तक्रार केली होती. ठोकण्याचा आवाज वस्तीत चालणार नाही, कारखाने शहराबाहेरच्या गाळ्यांत का हलवू नयेत, याची सुनावणी लागली होती. मी म्हटलं, लागू दे. आमच्याकडे पुरावे भरपूर आहेत. आमच्या आळीवर जेवढं संशोधन झालंय तेवढं चंद्रावरही झालं नसेल.

आम्ही तांबट. कसबा पेठेत घराच्या खालच्या खोलीत आमचा कारखाना. तांब्याचं भांडं ऐरणीवर धरून हातोडीनं त्याच्यावर एकसारखे चकचकीत ठसे पाडायचे, त्याला मठारकाम म्हणतात. माझा थोरला भाऊ दशरथ ते करतो आणि आळीत त्याच्यासारखा हात कुणाचा नाही. मी श्रीनिवास. मी ठोकत नाही. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षापर्यंत पोचलो होतो, एवढ्या भांडवलावर आळीतले सगळे कागद माझ्याकडे येतात. कागदांच्या मागून संशोधकही यायचे.

स्टीलनं आमचं कंबरडं मोडलं होतंच, नव्वदनंतर नॉनस्टिक आलं. भांडी खपेनात आणि संशोधन वाढलं. समाजशास्त्रवाल्यांनी आमच्या सोयरिकी कुठं जुळतात ते विचारलं. अर्थशास्त्रवाल्यांना मजुरी हवी होती, एमबीएवाल्यांना ग्राहक. इंजिनिअरिंगच्या दोन मुलांनी दादाच्या मनगटाला यंत्र बांधून एका मिनिटात किती ठोके पडतात ते मोजलं. आर्किटेक्चरच्या मुलींनी उंबरठ्यापासून मोरीपर्यंत सगळ्याची मापं घेतली. होम सायन्सवाल्या आमच्या ताटात काय असतं ते बघायला यायच्या, तेव्हा माझी बायको आनंदी मुद्दाम पालेभाजी करायची. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की दशरथरावांना डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही. ते आम्हाला आधीच माहीत होतं. मानसशास्त्राच्या एका बाईंनी दादाला आयुष्यात समाधान किती, ते एक ते पाच आकड्यांत सांगायला लावलं.

संशोधनाचा आम्हाला काय उपयोग, असं आळीत कुणी कधी विचारलं नाही. आलेल्या विद्यार्थ्याला विन्मुख पाठवायचं नाही, अशी आमची पद्धत. चहा द्यायचा, बसायला पाट द्यायचा आणि त्याला जे उत्तर हवंय ते द्यायचं. परीक्षा त्याची असते, आपण कशाला आडवं यायचं? पाहुण्याला भाजीत मीठ कमी आहे का विचारलं तर तो जसं उत्तर देतो, तशी आमची उत्तरं. ती कुणी खरी धरत असेल असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

राजनंदिनी आली दोन हजार पाच साली. यवतमाळकडची मुलगी, कोथरूडला तीन मुलींत एक खोली घेऊन राहायची आणि समाजकार्याचा अभ्यास करायची. तिला चाळीस कारागिरांकडून फॉर्म भरून हवे होते. तिचं गृहीतक असं, की योग्य सोयी मिळाल्या तर कारागीर शहराबाहेर जायला तयार होतील. बिचारी आठवडाभर दारोदार फिरली. तयार निघाले चौघं, आणि त्यातल्या दोघांना प्रश्न ऐकू आला नव्हता.

आमच्या कारखान्याच्या पायरीवर बसून ती रडली. म्हणाली, "काका, माझं गृहीतकच फेल होऊन राहिलं. सर म्हणतात पुन्हा सर्व्हे करा. दहा दिवसांनी सबमिशन आहे, बाबांनी शेत गहाण ठेवून फी भरली हो."

गृहीतक खोटं ठरलं तरी तो अभ्यासच असतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, मला तर नव्हतंच. खोटं भरा असं ती एका शब्दानं म्हणाली नाही. तिच्याजवळ कोरे फॉर्म होते, ते मीच मागून घेतले. माणसं तीच होती, वयं, शिक्षण, पोरंबाळं सगळं मला तोंडपाठ. दोन संध्याकाळी बसून, चार निरनिराळी पेनं वापरून मी चाळीस फॉर्म भरले. जायला तयार एकतीस, नाही म्हणणारे नऊ. सगळेच तयार दाखवले तर गाईडला शंका येईल, एवढी अक्कल मला होती. त्या रात्री मला फार बरं वाटलं, हे खोटं सांगत नाही.

ती पहिल्या वर्गात पास झाली. पेढे घेऊन आली आणि प्रबंधाची एक जाड बांधीव प्रतही देऊन गेली. इतक्या जणांत प्रत देणारी ती एकटीच. ऋणनिर्देशात माझं नाव होतं, 'श्री. श्रीनिवासकाका यांच्या सहकार्याशिवाय हे काम अशक्य होतं.' ते पान मी आळीतल्या सगळ्यांना दाखवलं. पुढची पानं कुणी उलटली नाहीत, मीही नाही.

सुनावणीला मी तेच पुस्तक घेऊन गेलो.

तेव्हा माझं डोकं वेगळ्याच दिशेनं चालत होतं. बाकीच्या संशोधकांना मी आधी फोन करून पाहिले होते. डॉक्टर म्हणाले, माझा अभ्यास कामगारांच्या कानांचा, शेजाऱ्यांच्या नव्हे. आर्किटेक्चरवाल्या बाई म्हणाल्या, नकाशे कॉलेजच्या मालकीचे आहेत. अर्थशास्त्रवाले सर निवृत्त होऊन मुलाकडे अमेरिकेत गेले होते. प्रत्येकाकडे आमचा एकेक तुकडा होता आणि सगळे तुकडे जोडून आमची बाजू मांडणं कुणाच्याच विषयात बसत नव्हतं. हातात उरलं हे एक पुस्तक. आळीचा इतिहास, फोटो, दीडशे पानं. आठ वर्षांपूर्वी 'जायला तयार आहात का' या एकोणिसाव्या प्रश्नाला आपण काय लिहिलं, याची मला आठवणसुद्धा झाली नाही. ते माझ्या लेखी एका पोरीच्या परीक्षेचं उत्तर होतं.

सुनावणी घेणारे साहेब सज्जन होते. त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, कौतुक केलं आणि वाचायला चार दिवस ठेवून घेतलं. पुढच्या तारखेला दादाही माझ्याबरोबर आला. इमारतीतर्फे केदार नावाचा तरुण वकील होता, त्यानंही पुस्तक मागून वाचलं होतं. त्यानं आवाज चढवला नाही. तक्ता क्रमांक बारा उघडून साहेबांपुढे ठेवला, एवढंच.

साहेब चष्मा वर करून म्हणाले, "अहो, आपलाच अभ्यास सांगतोय की एकतीस लोक जायला तयार आहेत. मग भांडण कशाचं आहे?"

मी सांगितलं, की ते फॉर्म मी भरले होते, लोक नाही म्हणाले होते. साहेबांनी शांतपणे विचारलं, असं आपण लेखी द्याल का? दिलंत तर विद्यापीठाला कळवावं लागेल. आणि एका अभ्यासात आपण खोटं लिहिलंत, तर आज आपण म्हणता ते खरं कशावरून? साहेबांनी आठवडाभराची मुदत दिली.

बाहेर येऊन मी राजनंदिनीला फोन लावला. ती आता हिंजवडीत एका कंपनीत माहितीचं विश्लेषण करते, लग्न झालंय, मूल आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, तुम्ही म्हणाल तर मी लिहून देते. पण माझी डिग्री जाईल, आणि कंपनी डिग्री तपासते."

मी म्हटलं, तू काही लिहू नकोस बाळ. दुसरं काय म्हणणार होतो? तिची भाकरी काढून आमची वाचेल याची तरी कुठं खात्री होती. मी लेखी काहीच दिलं नाही. आठवडा गेला आणि आदेश निघाला. नव्वद दिवसांत गाळ्यांत जायचं. गाळे तीस किलोमीटरवर, तिथं जायला दोन बस बदलाव्या लागतात. एका कानानं बहिरा, दुसऱ्यानं निम्मा बहिरा माणूस हमरस्ता ओलांडून तिथं रोज कसा पोचणार, याचा अभ्यास अजून कुणी केलेला नाही.

आळीतल्या लोकांना मी म्हणालो, साहेबांनी ऐकलं नाही. लोकांनी साहेबांना शिव्या घातल्या. मी त्या ऐकत बसलो आणि माझं तोंड उघडलं नाही. दादालाही मी तेच सांगितलं, हातवारे करून, मोठ्यानं ओरडून. तो मान हलवून कामाला बसला.

साहेबांनी पुस्तक परत पाठवलं. ते मी कपाटात टाकणार होतो, पण आनंदीनं मला जेवायला हाक मारली आणि ते कारखान्यातच राहिलं. जेवून खाली आलो तर ठोक्यांचा आवाज नव्हता. दादा ऐरणीपाशी पुस्तक उघडून बसला होता. तो चौथी शिकलेला. वाचताना एकेका शब्दाखालून बोट फिरवतो. शेवटच्या परिशिष्टात चाळीस जणांची माहिती होती. नावं गुप्त ठेवलेली, नुसते क्रमांक.

त्याचं बोट सातव्या ओळीवर थांबलं होतं. वय सत्तेचाळीस, अनुभव एकतीस वर्षं, शिक्षण चौथी, मूलबाळ नाही, डाव्या कानानं ऐकू येत नाही, धाकट्या भावाकडे राहतात. स्थलांतरास तयार: होय.

"सातवा हा मीच ना?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली. फॉर्मवरचं माझं अक्षर पुस्तकात कुठंच नव्हतं, सगळं छापील होतं. तरी त्यानं त्या 'होय'वरचं बोट उचललं, ऋणनिर्देशाचं पान काढलं आणि ते माझ्या नावावर टेकवलं. त्याला ऐकू येत नाही म्हणून त्याच्याशी आम्ही सगळे ओरडून बोलतो, पण तो स्वतः फार हळू बोलतो.

"इतकी माणसं मला विचारून गेली," तो म्हणाला. "तू का नाही विचारलंस?"