जराशी झुळूक

मी एक जुनी समुद्री पाणचक्की आहे. शिकलेले लोक मला टर्बाइन म्हणतात, पण मित्रांनो, तुम्ही पाणचक्कीच म्हणा. दूर उत्तरेकडच्या, वादळी ऑर्कनी बेटांमधल्या एका अरुंद सामुद्रधुनीच्या तळाशी पाय रोवून मी भरती-ओहोटीच्या पाण्यावर वीज करते.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या हौदात माझी परीक्षा झाली. हौदातले पाणी भलतेच शिस्तीचे होते. मी पास झाले आणि मला गर्व चढला. मला समुद्रात सोडले तेव्हा धक्क्यावर व्हायोलिनसारखी फिडल वाजली, जवाच्या भाकऱ्या वाटल्या. मला वाटले, आयुष्यभर असेच कौतुक होणार.

पण नव्याचे नऊ दिवस! हिवाळ्यात वारा प्रवाहाच्या उलट सुटला की इथे लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात आणि त्यांचा जोर थेट माझ्यापर्यंत पोहोचतो. वरच्या पात्याला लाटेचा धपाटा, खालच्याला खडकांतून उठणाऱ्या भोवऱ्यांचे चिमटे, आणि तिसरे आपली पाळी कधी येते म्हणून धास्तावलेले. वीज कधी भरमसाट, कधी नावाला. माझी हाडे खिळखिळी झाली. लोक मात्र म्हणत, "लोखंडाची आहे, तिला काय होतंय!"

वादळात पाती वळवून पाण्याला नुसती धार दाखवली की मार चुकतो. हे काम दूर ग्लासगो शहरातल्या कचेरीतून मोराग नावाची इंजिनिअर करी. त्याआधी ती बेटावरच्या मॅन्सी या बोटवाल्याला फोन करी. आता आमच्या बेटावर वाढवून सांगणे म्हणजे पाप.

"मॅन्सीकाका, वारा कसा आहे?"

"जराशी झुळूक आहे, पोरी."

मोराग निर्धास्त झाली. तिने पाती तशीच ठेवली. त्या वेळी मॅन्सीचे खुराडे शेजाऱ्याच्या छपरावरून उडत चालले होते. त्या झुळकीत माझे एक पाते उभे चिरले.

मला वर काढले. कंपनीचे साहेब म्हणाले, "पुन्हा पातं मोडलं, तर भंगारात." मोराग तरातरा धक्क्यावर आली.

"काका, ही झुळूक?"

"मग? कोंबड्या सापडल्या की सगळ्या!"

"आणि वादळ कशाला म्हणता हो तुम्ही?"

मॅन्सी विचारात पडला. "वादळ... ते आमच्या आजोबांनी पाहिलं होतं."

मोरागने कपाळाला हात लावला. तिने मला नवे पाते बसवले आणि लाटा मोजणारा एक तरंगता बोया समुद्रात सोडला. पुढच्या हिवाळ्यात तो बोयाच वाहून गेला. शेवटी पुन्हा मॅन्सीला फोन.

"काका, कसं काय तिकडे?"

मॅन्सीने खिडकीबाहेर पाहिले. मग हळूच म्हणाला, "पोरी, आज वारा आहे."

मोराग चहा तसाच टाकून उठली. तिने त्याच क्षणी माझी पाती वळवली. त्या दिवशी मॅन्सीच्या घराचे छप्पर गेले, धक्क्याची कड ढासळली, पण माझा खिळासुद्धा हलला नाही. भंगारात जायचे वाचले म्हणून मी खाली ढसाढसा रडले. समुद्रात ते कोणाला कळणार?

मित्रांनो, जो कधी कुरकुरत नाही, त्याला दोनदा विचारा. परवा पाणबुड्या खाली आला, माझ्या सांध्यावर हात ठेवून म्हणाला, "कशी आहेस गं?" सांधे ठणकत होते. पण मीही आता इथलीच झाले आहे.

"जराशी झुळूक लागली होती," मी म्हटले.

त्याने माझे सगळे बोल्ट पुन्हा आवळले.