साडूभाऊंचं चौसष्ट

"साम्राज्यं मातीला मिळतात, राजे विस्मृतीत जातात, ग्रंथांना वाळवी लागते, या पृथ्वीतलावर शेवटपर्यंत खरं बोलतं ते फक्त नाणं!" असं म्हणून दातांचे डॉक्टर दोन्ही हात पसरून थांबले.

टाळ्या पडल्या नाहीत. श्रोत्यांत एकटी बायको होती आणि तिचे दोन्ही हात मटारात होते.

"ते भिंग उचला आधी तिथनं," ती म्हणाली. "त्यातनं दाणे एवढाले दिसतायत, मी मघापासून समजतेय की पुरेसे झाले."

डॉक्टरांनी भिंग उचललं. मटार एकदम कमी झाले. भाषणातली हवाही थोडी कमी झाली, पण ते कागदावर 'इथे टाळ्या' असं लिहून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

भाषण नाणेसंग्राहक मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनासाठी होतं. डॉक्टर दवाखान्यातून निवृत्त झाले होते, मंडळातून नाही. तिथे ते चौदा वर्षं चिटणीस होते. चौदा वर्षं त्यांनी खुर्च्या मांडल्या, पाट्या रंगवल्या, आणि कुणी नाण्याला सबंध पंजा लावला की "कडेला धरा, कडेला!" म्हणून ओरडले. एकतीस वर्षं "मोठा आ करा" ज्या आवाजात म्हटलं, त्याच आवाजात. सभागृहाच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'नाणे धुऊ नये. पुसू नये. फुंकर घालू नये.' तिसऱ्या वाक्याला काही सभासदांचा विरोध होता, पण डॉक्टर मागे हटले नाहीत.

सभागृहाच्या बरोबर मध्ये एक काचपेटी असे. तिच्यावर वेगळा दिवा, भोवती दोरी. चौदा वर्षांत त्या पेटीत डॉक्टरांचं एकही नाणं गेलं नव्हतं. पेटीची काच मात्र दर वर्षी तेच पुसत. यंदा तिथे नाणं जायचं होतं ते त्यांच्या साडूचं.

साडू! ज्या माणसाला नाण्याला दोन बाजू असतात यापलीकडे नाण्यांबद्दल काही माहीत नव्हतं, तो माणूस. धंद्याने लिफ्टचा मेकॅनिक. त्याचं सगळं कसं वर जात असे. डॉक्टर जिने चढत, साडूभाऊ वर पोचलेले असत आणि वरून विचारत, "दमलात?" तेसुद्धा आपुलकीने. माणूस वाईट असता तर डॉक्टरांना केवढा आधार झाला असता!

मूळ गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची. सासरेबुवांनी घर बदललं, तेव्हा टेबलाच्या खणात चांदीची दोन जुनी नाणी निघाली. जुळी म्हणावीत अशी. एका बाजूला शिडाचं गलबत, दुसऱ्या बाजूला भरघोस मिशांचा राजा. सासऱ्यांनी दोन्ही जावयांना एकेक दिलं, जाड बनातीच्या पिशवीत घालून. डॉक्टरांना त्या नाण्यामुळेच छंद लागला. पुढे शेकडो नाणी आली, पण पहिलं प्रेम गलबतावर. आणि साडूभाऊंनी काय केलं? त्यांच्या झोपण्याच्या खोलीतलं कपाट एका पायाने किंचित अधू होतं. त्यांनी ते नाणं पिशवीसकट त्या पायाखाली सरकवलं.

"बरोब्बर बसलं बघा डॉक्टर!" त्यांनी तेव्हा अभिमानाने सांगितलं होतं. "सासऱ्यांची नजरच तशी. मापात वस्तू देणार."

पंचवीस वर्षं नाणं तिथेच होतं. गेल्या वर्षी डॉक्टरांना अवदसा आठवली. मंडळात बाहेरून एक जाणकार यायचे होते. त्यांच्यापुढे आपलं गलबत ठेवावं आणि शेजारी साडूंचं ठेवावं, म्हणजे निगा कशाला म्हणतात ते लोकांना दिसेल, असा त्यांचा निर्मळ हेतू होता. त्यांनी साडूंना स्वतः फोन करून नाणं मागवलं.

साडूंचं नाणं पिशवीतून निघालं ते काळसर. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि त्यांना आतून गार वाटलं. त्यांच्या धंद्यात पांढरं ते निरोगी आणि काळं ती कीड. स्वतःचं नाणं तर आरशासारखं चमकत होतं. जाणकारांनी दोन्ही हातांत घेतली. चमकणारं पाहिलं आणि "छान" म्हणून खाली ठेवलं. काळसर नाणं मात्र त्यांनी दिव्याखाली जरासं तिरपं केलं, तर कडेने निळा-जांभळा रंग फिरला. ते कुजबुजले, "याला जन्मात कुणी हात लावलेला नाही."

"कपाटानं लावलाय," साडूभाऊ प्रामाणिकपणे म्हणाले.

मग ते ग्रेडिंगला पाठवायचं ठरलं. ग्रेडिंग म्हणजे नाण्याची परीक्षा. तीन अनोळखी तज्ज्ञ ते तपासतात, सत्तरपैकी अंक देतात आणि नाणं कडक पारदर्शक डबीत कायमचं सीलबंद करून परत पाठवतात. साडूंना अर्ज भरता येईना. चिटणीस या नात्याने तो डॉक्टरांनीच भरला, सुवाच्य अक्षरात. दोन महिन्यांनी डबी आली. वरच्या चिठ्ठीवर अंक होता चौसष्ट. गलबताच्या नाण्याला एवढे अंक मंडळात कुणी पाहिले नव्हते.

त्या दिवसापासून डॉक्टरांच्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला. त्यांना सगळीकडे चौसष्ट दिसू लागलं. समोरच्या घराचा नंबर चौसष्ट निघाला. तिथे एकोणीस वर्षं राहणाऱ्या सज्जन गृहस्थाशी त्यांनी बोलणं कमी केलं. बुद्धिबळाचा पट मोजला तर घरं चौसष्ट. त्यांनी पट माळ्यावर टाकला. मेहुणी फोनवर म्हणाली, "भाऊजी, सगळं तुमच्यामुळे झालं हं!" हे वाक्य खरं होतं, हेच त्याचं विष.

शेवटी त्यांनी दोन गोष्टी केल्या. मंडळाच्या सभेत ठराव मंजूर करून घेतला, की मधल्या पेटीत एका जातीचं एकच नाणं ठेवावं, आणि तेही सर्वांत जास्त अंकांचं. आणि आपलं गलबत ग्रेडिंगला पाठवलं. काळ्याला चौसष्ट, तर गोऱ्याला सदुसष्ट तरी कुठे गेले नाहीत! प्रदर्शनाचं भाषणही पाठ करायला घेतलं. त्यात 'माझ्या नम्र संग्रहातील' हे शब्द तीन वेळा होते.

निकाल आला तो प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी, मटार सोलून झाल्यावर. डॉक्टरांनी पाकीट फोडलं. आत डबी नव्हती. प्लॅस्टिकची साधी पुडी होती, तिच्यात नाणं, आणि एक कागद. कागदावर लिहिलं होतं: 'नाणे अस्सल. पृष्ठभाग घासून साफ केलेला. अंक देता येत नाही.'

डॉक्टर खुर्चीत बसले. मग उठले. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"तू माझं गलबत घासलंस?"

"मी?" बायकोने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "या घरात मी कधी काही चकचकीत केलेलं तुम्ही चालवून घेतलंय? पातेली घासली तरी मागनं तुम्ही कोपरे बघता."

"मग कामवाल्या बाईंनी?"

"त्यांना तुमच्या खोलीत फुंकर घालायची बंदी आहे. पाटी लावलीय तुम्ही."

कागदासोबत नाण्याचा मोठा केलेला फोटो होता. डॉक्टरांनी त्यावर भिंग धरलं. राजाच्या गालावर बारीक बारीक रेघा होत्या. गोल, एकात एक. डाव्या मिशीकडून सुरू होऊन उजव्या मिशीवर जरा रेंगाळलेल्या आणि मग कपाळावर चढलेल्या. डॉक्टर बघत राहिले. ही वळणं त्यांनी कुठेतरी पाहिली होती. कुठेतरी म्हणजे एकतीस वर्षं, दर दिवशी, दर दाताला. दात साफ केल्यावर शेवटी रबरी टोपीने पॉलिश देतात, ती त्यांच्या मनगटाची खास गोलाई होती. माणसाला आपली सही ओळखायला किती वेळ लागणार?

"बाबांनी दिलं ना," बायको मागून म्हणाली, "त्याच संध्याकाळी तुम्ही दवाखान्यात घेऊन गेला होतात. येताना काय खूश होतात! म्हणालात, बघ, राजाचं तोंड कसं स्वच्छ करून आणलंय."

डॉक्टरांना आठवलं. इतकं स्पष्ट आठवलं, की पॉलिशच्या पेस्टचा पुदिन्याचा वासही आला. तेव्हा ते संग्राहक नव्हते. तेव्हा त्यांना ते नाणं नुसतं आवडलं होतं, आणि आवडलेल्या वस्तूचं काय करायचं ते त्यांना एकच माहीत होतं. तीन मिनिटं लागली होती. पुढे भिंतीवर पाटी रंगवताना ती तीन मिनिटं त्यांनी मनाच्या कुठल्या खणात टाकली होती, देव जाणे. त्यांनी राजाकडे नीट पाहिलं. मिशीचे केस पुसट झालेच होते. राजा नुकताच न्हाव्याकडून आल्यासारखा दिसत होता.

एवढ्यात दाराची घंटा वाजली. साडूभाऊ आणि मेहुणी. हातात डबी.

"उद्या गर्दी असेल, म्हटलं आजच चिटणीसांच्या ताब्यात देऊ," साडूभाऊ म्हणाले आणि डबी त्यांनी डॉक्टरांच्या हातात अशी दिली, की जशी दुरुस्तीची लिफ्ट तपासून किल्ली परत करावी. डॉक्टरांच्या तळहातावर चौसष्ट आलं. डबी पडली तर फुटते का, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. केवळ शास्त्रीय कुतूहल म्हणून. मग त्यांनी ती टेबलावर, कडेपासून लांब ठेवली. काळं, निळं, जांभळं, आणि मिशीचा केसन् केस जागेवर. सुंदर होतं. हे त्यांना आजवर म्हणता आलं नव्हतं. आताही ते मनातच म्हणाले.

"भाऊजी, तुमचा निकाल आला?" मेहुणीने विचारलं. "किती?"

बायको पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. तिने काही सांगितलं नाही, हे डॉक्टरांनी पाहून ठेवलं. खोटं बोलायला ही उत्तम वेळ होती. निकाल पोस्टात अडकला म्हणता आलं असतं. पोस्टाने कधी हरकत घेतली नसती. पण समोर टेबलावर भाषणाचा कागद पडला होता आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'शेवटपर्यंत खरं बोलतं' असं लिहून पुढे कंसात 'इथे टाळ्या' लिहिलेलं होतं.

"अंक नाही," डॉक्टर म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. घासलेलं आहे म्हणतात. मी घासलं. दवाखान्यात. सव्वीस वर्षांपूर्वी." त्यांनी कागद पुढे सरकवला. "पेटीत तुमचं जाईल. ठराव माझाच आहे."

साडूभाऊंनी कागद वाचला. हसतील, असं डॉक्टरांना वाटलं. निदान "दमलात?" असं तरी विचारतील. साडूभाऊंनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी पुडीतलं चमकणारं नाणं उचललं, कडेला धरून, अगदी पाटीबरहुकूम, आणि डोळ्यांसमोर आडवं धरून त्याची जाडी बघितली. मग स्वतःच्या बायकोकडे बघितलं. मेहुणीने मान हलवली.

"डॉक्टर," साडूभाऊ घसा खाकरून म्हणाले, "एक बोलू का? रागावू नका."

"बोला."

"म्हणजे याला आता डबी मिळणार नाही?"

"नाही."

"प्रदर्शनात ठेवणार नाही?"

"नाही!"

"मोकळंच राहणार?"

"अहो, किती वेळा सांगू? मोकळं! रिकामं! बेकार!"

"नाही, तसं नाही," साडूभाऊ घाईने म्हणाले आणि त्यांनी खिशातून ती जुनी, दबून सपाट झालेली बनातीची पिशवी काढली. "आमचं ते डबीत गेल्यापासून कपाट फार डुगडुगतंय हो. पुठ्ठा घालून बघितला, तो दबतो. लाकडाची चकती घातली, तर दार आपोआप उघडतं आणि माझे सदरे हिच्या अंगावर येतात. मी जन्मभर लिफ्ट मजल्याच्या पातळीला आणून थांबवली, पण घरातलं कपाट काही सरळ होईना. ते माप फक्त याच नाण्याचं आहे." त्यांनी पिशवीचं तोंड उघडून डॉक्टरांपुढे धरलं. "तुमचं तेवढं द्याल का?"