पहिलं कुणाला सांगता?

टायपिस्टनं रेकॉर्डिंग चौथ्यांदा मागे नेलं आणि हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले. तरी बाई तेच म्हणाली.

"मनावर ओझं असलं की पहिलं कुणाला सांगता?" मुलाखत घेणारीनं विचारलं होतं.

"कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यांना."

रेकॉर्डिंगमध्ये मागे कुकरनं दम लागल्यासारखी अर्धवट शिट्टी दिली. ती शिट्टी टायपिस्ट झोपेतही ओळखला असता, कारण तो कुकर दुरुस्तीला न्यायचं काम सहा महिने त्याच्याच डोक्यावर होतं. म्हणजे कुकर त्याचा. आणि बाईही त्याचीच.

"आणि नवरा?"

"ते दिवसभर लोकांचंच ऐकतात हो. घरी येतात तेव्हा कान दमलेले असतात. मागे मी मुद्दाम म्हटलं, पंख्याला हत्ती लटकलाय. तर म्हणाले, उद्या बघतो."

तो विद्यापीठाच्या ज्या विभागात कामाला होता, तिथे माणसांच्या एकटेपणावर अभ्यास चालू होता. संशोधक मुलाखती आणायचे, हा शब्दन् शब्द टाइप करायचा. नाव कुणाचंच नसायचं, नुसता नंबर. ऐकलेलं बाहेर बोलणार नाही असं त्यानं लिहून दिलं होतं, खाली चांगली झोकदार सही ठोकून. त्यामुळे घरी जाऊन जाब विचारायचीही सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

एकेचाळीस नंबरची ती मुलाखत टाइप झाली, पण जळफळाट थांबेना. त्या घड्याळवाल्यात आहे काय एवढं? टक्कल, ढेरी आणि एका डोळ्याला चिकटलेलं भिंग. आता एकेक गोष्ट आठवायला लागली. घरातल्या भिंतीवरचं घड्याळ वर्षात सहा वेळा दुरुस्त झालं होतं, तरी चालत होतं दहा मिनिटं मागेच.

शनिवारी तो शत्रूच्या गोटात शिरला. काहीतरी निमित्त हवं म्हणून आधी जिन्यात थांबून मनगटावरचं चांगलं चालतं घड्याळ बुटाच्या टाचेनं हलकेच ठोकलं. हलकेच म्हणता म्हणता काच फुटली, काटा उडाला आणि अंगठा टरारून सुजला.

घड्याळवाल्यानं घड्याळ उघडलं. कसं झालं, म्हणून विचारलं. पडलं, टायपिस्ट म्हणाला. त्यावर घड्याळवाला "हं" म्हणाला आणि चिमटा घेऊन कामाला लागला. पुढे काहीच नाही. ती शांतता सोसवेना, म्हणून टायपिस्टनं अंगठ्याचं सांगितलं. मग साहेबांनी चारचौघांत केलेला पाणउतारा सांगितला. मग वडील गेले तेव्हा आपल्याला रडू आलं नाही आणि ते अजून टोचतं, हेही सांगून टाकलं. हे तर त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. तासाभरानं भानावर आला तेव्हा शत्रूच्याच स्टुलावर बसून, शत्रूच्याच फडक्यानं नाक पुसत होता.

मग स्वतःचाच असा राग आला की सहीबिही विसरून तो बोलून गेला, "आमची ही काय सांगते हो तुम्हाला?"

घड्याळवाल्यानं भिंग काढलं आणि पहिल्यांदाच दोन्ही डोळ्यांनी बघितलं. "तुम्ही आत्ता जे बोललात, ते वहिनींना सांगू का?"

"छे छे, भलतंच."

"मग झालं तर."

भिंग पुन्हा डोळ्यावर गेलं. या माणसाकडून कुणी काही लिहूनसुद्धा घेतलेलं नव्हतं.

बायको गच्चीत वाळलेल्या चादरी काढत होती. आज तिचं सगळं ऐकायचं, असं तो वाटेतच ठरवून आला होता. पण विचारायचं काय, हे आठवेपर्यंत गच्चीचा जिना संपला होता.

"तुझ्या त्या गाठीचा रिपोर्ट येणार होता ना?"

"आला. मंगळवारीच. साधीच आहे म्हणाले, घाबरायचं कारण नाही."

"मंगळवारी? मग सांग की सगळं. मी ऐकतो."

तिनं त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही, बस निघून गेल्यावर धावत आलेल्या माणसाकडे बघावं तसं.

"आता सांगून झालं हो माझं."

कुणाला, ते त्यानं विचारलं नाही. तिनं चादरीची दोन टोकं पुढे केली, ती त्यानं धरली. दोघांनी मिळून चादर ताणली. मग ती जवळ आली, टोकं त्याच्या हातातून घेतली आणि उरलेली घडी एकटीनंच घातली.