पाकिटावरचा शब्द

हिरामणला आपल्या झटपट कामाचा भारी तोरा. अलिबागच्या एका खाजगी दवाखान्यात तो एक्स-रे काढायचा. मिठागरातून कुणाला झोळीत घालून आणताना दिसलं, की माणूस पायरी चढायच्या आत हा पाकिटावर ‘झोपवून’ असं लिहून मोकळा. झोळीतला माणूस कुठला उभा राहतोय?

कोंडाजी मात्र उभा राहिला. मिठाची पाटी उचलताना त्याच्या पाठीत फाटल्यासारखी कळ आली होती, आणि आडवं झालं की ती वाढे. त्यानं एक्स-रेच्या स्टँडला मिठी मारली, फोटो उभ्यानंच निघाला. पाकीट बदलायला किती वेळ लागतो? पण हिरामणनं ते बदललं नाही.

दत्तात्रेय डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. छातीच्या मधोमध सावली रुंद होती. पाकीट वाचून ते म्हणाले, “झोपवून काढला की एवढी दिसायचीच. उसण भरलीय.” कोंडाजीची बायको बायजा, तिला हायसं वाटलं. चौथ्या दिवशी कोंडाजी मिठागरातच कोसळला आणि गेला.

बातमी आली तेव्हा डॉक्टरांनी फोटो पुन्हा बाहेर काढला आणि ते हिरामणला म्हणाले, “हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटली असणार. उभ्यानं काढलेला असता तर मला तेव्हाच शंका आली असती. इलाज फारसा नव्हता म्हणा, पण त्याला खाटेवरून उठू दिलं नसतं.”

‘उभ्यानंच काढलाय’ हे शब्द हिरामणच्या ओठांवर आले आणि तिथंच राहिले. नोकरी जाईल, असं तो मनाला बजावत राहिला. घरी जेवताना मात्र बायकोकडे बघायची त्याला चोरी झाली.

महिन्यानं बायजा दवाखान्यात आली आणि त्याच्यासमोर खाली बसली.

“दादा, येकच इचारते. तो कामाला जात नव्हता. म्या म्हनलं, फोटोत काय न्हाय, निस्ता आळस हाय. म्याच धाडला. म्याच मारला का वो त्याला?”

हिरामणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “नाही, बायजाबाई. तो उभा होता आणि मी झोपवून लिहिलं. म्हणून डॉक्टर फसले. चूक माझी.”

ती रडली नाही. तिनं सावकाश विचारलं, “कवा कळलं तुला?”

“तो गेला त्याच दिवशी.”

“म्हंजी महिनाभर म्या सोताला खुनी म्हनत व्हते,” ती उठत म्हणाली, “आन् तुला ठाव व्हतं.”