दुसरी मूठ

"एवढा सैल करून दे गं," म्हणत आईने कुत्र्याच्या छातीचा पट्टा शिलाई मशीनवर टाकला आणि लेकीचं डोकंच फिरलं.

लोकांचे कपडे सैल करून देणं हा लेकीचा धंदाच होता, "का?" म्हणून तिने गिऱ्हाइकाला कधी विचारलं नव्हतं. पण हा पट्टा वर्षात तिसऱ्यांदा आला होता.

"मुळीच करणार नाही! हात लावून बघ त्याला. एक तरी बरगडी लागते का? कंबर कुठे गेली त्याची? नुसतं पिंप झालंय!"

पिंपाचं नाव काडी. बाबांनी आणला तेव्हा हाडं मोजून घ्यावीत असा होता, म्हणून काडी. आता गल्लीतली पोरं त्या नावाला खिदळायची.

"नजर लावू नकोस मेले," आई म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितली तेवढी वाटीच घालते मी. शपथ."

"मग काय वारा पिऊन फुगला?"

लेक इरेला पेटली. जेवून घेतलं आणि हातातलं काम टाकून आईच्या मागोमाग तिच्या घरी गेली.

आईने खरंच वाटी मोजून काडीला घातली. मग दोन ताटं वाढली. एक स्वतःपुढे, दुसरं बाबांच्या रिकाम्या खुर्चीपुढे. जेवली, हात धुतला, आणि ते दुसरं ताट निमूटपणे उचलून काडीपुढे सरकवलं.

"आई! अगं, बाबा जाऊन वर्ष झालं!"

"मला सांगतेस?" आईही उसळली. "डोक्याला कळतं गं, हाताला कळत नाही. डब्यात हात घातला की दोन मुठी निघतात. जन्माची सवय. मग शिजलेलं अन्न फेकून देऊ?"

"म्हणून याला मारणार? गुडघे गेलेत, काळीज थकलंय, डॉक्टरांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं. हा गेला की मग कोणाला वाढशील?"

बोलून गेली, पण शब्द मागे घेतला नाही. राग मावतच नव्हता. आईचा, त्या ताटाचा, आणि खरं सांगायचं तर भरल्या घरातून न सांगता उठून गेलेल्या बाबांचासुद्धा.

काडीने ताट चाटूनपुसून लख्ख केलं. उठायला गेला तर मागचे पाय फरशीवर फाकले. पुन्हा धडपडला. मग धापा टाकत तिथेच बसला आणि चूक झाल्यासारखा आईकडे बघत राहिला. आई खाली बसली. त्याच्या कुशीत बोटं रुतवून बरगडी शोधू लागली. खूप दाबलं, काही लागेना.

संध्याकाळी लेक पट्टा घेऊन पुन्हा आली. "माझं घरी आहे, तुझ्यापुरतंच टाक," एवढंच म्हणाली.

आईने तांदळाचा डबा काढला. एक मूठ पातेल्यात पडली. हात पुन्हा डब्यात गेला, भरून वर आला आणि तसाच थांबला. "टाक परत," लेकीच्या अगदी ओठांवर आलं होतं. ती बोलली नाही.

आईने मूठ डब्यातच उघडली. झाकण इतकं जोरात आपटलं की काडी दचकला.

"झालं तुझं समाधान?" ती लेकीकडे न बघता म्हणाली. "आण तो पट्टा इकडे. होता तसाच राहू दे."