परतीच्या नळीवरचा काटा

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, चढाच्या सहाव्या किलोमीटरवर, ताईने काच खाली केली, नाक बाहेर काढलं आणि म्हणाली, "काहीतरी करपतंय."

गाडी चालवणाऱ्या तिच्या गिअरबॉक्सवाल्या भावाने डॅशबोर्डवरच्या, तेलाचं तापमान दाखवणाऱ्या गोल काट्याकडे बोट दाखवलं. पंच्याण्णव अंश. "हा बघ. तेल ठणठणीत आहे."

"काट्याला नाक असतं का रे?"

"नाकाला आकडे असतात का?"

बावीस वर्षं तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच उघडत आला होता. 'वास येतोय' म्हणत येणाऱ्या गिऱ्हाइकांना तो आधी आकडा विचारायचा. या पिकअपचा गिअरबॉक्स तर त्याने स्वतःच्या हाताने बांधला होता, काटाही त्यानेच बसवला होता. मागे ट्रेलरवर ताईच्या मधमाश्यांच्या छत्तीस पेट्या दोरांनी करकचून बांधल्या होत्या. सगळ्या मिळून दीड टन.

खरं तर या पेट्या उजाडायच्या आत वरच्या बागेत पोचायला हव्या होत्या. माश्या घरात असताना अंधारात दारं बंद करायची आणि ऊन चढायच्या आत उघडायची. पण पायथ्याला लाकडाचा ट्रक आडवा झाला आणि तीन तास तिथेच गेले. गाडी चालू असली की पेट्यांच्या जाळीतून वारा फिरतो. उन्हात थांबली की माश्या आतल्या आत तापतात, मेण वितळतं आणि अख्खी पेटी बसते. माघारी फिरण्याचीही सोय नव्हती. खालच्या शेतांवर उद्या पहाटे औषधफवारणी सुरू होणार होती.

पुढच्या वळणावर गाडी चौथ्या गिअरमधून तिसऱ्यात आली, पुन्हा चौथ्यात गेली, पुन्हा तिसऱ्यात. इंजिनाचा आवाज वाढला, वेग जागचा हलला नाही.

"ही नुसती ओरडतेय," ताई म्हणाली, "चालत नाहीये."

ते त्याला सीटमधूनच कळलं होतं. गिअरबॉक्सच्या आत घसरण होत होती, आणि घसरण म्हणजे उष्णता. मग काटा पंच्याण्णववर कसा? आणि उत्तर लगेच समोर आलं. सेन्सर तेल गार करणाऱ्या कूलरमधून बाहेर पडणाऱ्या, परतीच्या नळीवर होता. तिथून जातं ते गार होऊन परत निघालेलं तेल. आंघोळ घालून बाहेर आणलेल्या माणसाचा ताप बघावा, तसा प्रकार. खरी जागा गिअरबॉक्सच्या बुडाला असलेल्या तेलाच्या पॅनमध्ये, पण त्यासाठी पॅन पुन्हा उतरवावं लागलं असतं. 'आपलीच गाडी आहे, बघू नंतर,' असं म्हणून तो जेवायला गेला होता. गिऱ्हाइकाच्या गाडीत त्याने असं कधीही केलं नसतं.

दोन वळणं तो काट्याकडे बघत गाडी हाकत राहिला.

"ताई, काट्याचा दोष नाही. मी तो चुकीच्या जागी बसवलाय. तेल केव्हाच उकळलं असणार."

"कधी कळलं तुला?"

"मघाशीच. दोन वळणं झाली."

"दोन वळणं," ताई म्हणाली आणि पुढे बघत राहिली. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने हाताने दुसरा गिअर अडकवला. इंजिन एका सुरात घुमायला लागलं, गिअरची उलटसुलट थांबली. किलोमीटरभर पुढे, रस्ता दुरुस्त करणाऱ्यांच्या रिकाम्या पत्र्याच्या शेडपाशी, त्याने गाडी बाजूला घेतली आणि न्यूट्रलमध्ये इंजिन जरा चढतं ठेवलं.

"बंद कर की आता!"

"नको. बंद केली तर तेल आहे तिथेच शिजेल. कूलरमधून फिरू दे."

तो गाडीखाली शिरला. तापमापक पॅनवर धरला. एकशे अडतीस. बाहेर येऊन तेल मोजायची दांडी ओढून पाहिली. लाल तेल काळपट पडलं होतं. वास ताईने सांगितला तोच.

ताई तोवर पेट्यांवर पाणी शिंपडत एकेकीला कान लावत होती. "दहा मिनिटं. त्याच्यावर एक मिनिट नाही."

"दहा मिनिटांत तेल शंभरावर येणार नाही. आणि एवढं वजन घेऊन निघालो तर गिअरबॉक्स वाटेत बसेल. मग शेडही नाही न् सावलीही नाही."

"मग अर्ध्या उतरव."

"इथे दारं उघडता येतील?"

"वेडा आहेस का? एकदा बाहेर पडल्या की अंधार पडेपर्यंत गोळा होत नाहीत. बंदच राहतील. मी थांबते पाणी मारत."

"आधी कुठल्या नेऊ? गप्प आहेत त्या?"

"ज्या घुमतायत त्या. त्या अजून वाचतील. गप्प झालेल्यांचं काय ते मी बघते."

बहीणभावाने अठरा पेट्या शेडमध्ये उतरवल्या. शेवटची ठेवताना त्याने तोंड उघडलं. ताई म्हणाली, "माफीबिफी वर पोचल्यावर. निघ."

अकरा किलोमीटर तो दुसऱ्या गिअरमध्ये, बैलगाडी हाकावी तसा गेला. काट्याकडे एकदाही बघितलं नाही. दर सपाट पट्टीवर थांबून तो खाली वाकून पॅन मोजत होता. एकशे एकतीस. एकशे सव्वीस. बारा वाजून पाच मिनिटांनी बागेच्या राखणदाराने फाटक उघडलं. साडेबारापर्यंत अठराही पेट्यांची दारं उघडली होती, आणि माश्या झाडांवर पसरल्या होत्या.

तेव्हाच ताईचा फोन आला. शेडमधल्या पंधरा पेट्या घुमत होत्या. एक गप्प होती. दोन पेट्यांच्या बुडातून मध गळायला लागला होता.

"पत्रा तापलाय रे," ती म्हणाली. "किती वेळ लागेल तुला?"

"वीस मिनिटं."

फोन ठेवून त्याने रिकामा ट्रेलर वळवून उताराला लावला आणि गाडी गिअरमध्ये टाकली. इंजिन घुमलं. गाडी जागची हलली नाही. त्याने लिव्हर मागे घेतला, सेकंदभर थांबला, पुन्हा टाकला. गाडी हलली. बारा वाजून एकोणचाळीस मिनिटांनी तो फाटकाबाहेर पडला, तेव्हा पॅनवर एकशे दहा होतं आणि दुसऱ्याच्या वर गिअर पडत नव्हता.